मिठाचे हात

६ जानेवारी २०२५
नवी मुंबई, हॉस्पिटलचा दुसरा मजला

चि. हेमाली,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायला निघाली असशील. फाड, पण आधी एवढं वाच. तुझी आई आजारी आहे. आजकालची नाही, सहा वर्षं झाली. तिची फुप्फुसं आखडत चालली आहेत. माझा फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी आपल्या दोन खोल्यांत मी काय बोलतो ते तिला सगळं ऐकू जातं. तुला कळवायचं नाही अशी तिची ताकीद आहे. म्हणून बाकावर बसून हा कागदाचा उद्योग.

सकाळी साडेसातला उरणहून निघालो, आता बारा वाजत आले. ती आत फुंकायच्या तपासणीला गेलीय. तोंडात नळी धरून छातीतला सगळा वारा एका दमात बाहेर टाकायचा, मग यंत्र सांगतं की फुप्फुसात किती जागा शिल्लक आहे. पण तिचं तोंडच आता पुरतं उघडत नाही. ओठ आवळले गेलेत. नळीच्या बाजूने वारा निसटतो आणि तिथली मुलगी पुन्हा पुन्हा करायला लावते. "आजी, जोरात! अजून, अजून, अजून!" त्यावर तुझी आई म्हणाली, "अगो बाय, जोर असता तं हितं कनाला आयली असती?" आतली सगळी हसली. दाराबाहेर मीही हसलो. त्यानंतर बराच वेळ तिचा खोकला ऐकू येत होता.

रोगाचं नाव स्क्लेरोडर्मा. प्रत्येक खिडकीवर विचारतात म्हणून मी पाठच केलंय. अंगाला बाहेरच्या रोगांपासून सांभाळणारी जी शक्ती असते, तीच उलटते आणि घरच्यांवर धावून जाते. आधी कातडी कडक होते, मग आतलं. आईच्या बाबतीत आतलं म्हणजे फुप्फुस.

कातडीचं तर आम्हाला दिसत होतं. तुलाही आठवत असेल. तू बारावीत होतीस तेव्हापासून थंड पाण्यात हात घातला की तिची बोटं पांढरीफटक पडायची, मग निळी. पुढे ती मिटेनाशी झाली. भाकरी थापायला ती हाताची कड वापरू लागली. आणि आपल्याकडे सगळ्यांनी काय म्हटलं? मिठाचे हात. तुझ्या आजीचे तसेच होते, रतनमावशीचे तसेच होते. मिठागरात जिने जिने खाऱ्या पाण्यात उभं राहून मीठ ओढलं तिचे हात कडक झाले, भेगाळले, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या बघत आलो. तुझ्या आईने मिठागर सोडून वीस वर्षं झाली होती, तरी आम्ही मिठालाच दोष देत बसलो. खोबरेल लाव म्हटलं की संपलं. मीच म्हणायचो. गावातल्या डॉक्टरनेही मिठाचंच नाव घेतलं. तोही मिठागरवाल्याचाच मुलगा, त्याने दुसरं काय बघितलंय?

दीड वर्षापूर्वी इथे डॉ. मृणाल मॅडमकडे आलो. त्यांनी आधी छाती तपासलीच नाही. आईचा हात हातात घेतला आणि बोटांवरची कातडी चिमटीत धरून बघितली. चिमटीत येईना. "हे कधीपासून आहे?" मी म्हटलं, ते मिठाचं आहे मॅडम, तुम्ही छातीचं बघा. त्या म्हणाल्या, "छातीचंच बघतेय, काका." तोंडात मारल्यासारखं झालं मला.

नाव पुकारलं. टीबी नव्हता, एवढं लक्षात ठेव; टीबीचं का म्हणतोय ते पुढच्या पत्रात. स्वराजला आशीर्वाद. माझा नातू यंदा पहिलीत जाईल.

बाबा


२३ जानेवारी २०२५
कंटेनर यार्ड, गेटवरची केबिन

चि. हेमाली,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमनला दोनदा विचारलं. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. बाहेर ट्रेलरांची रांग लागलीय आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून माझ्या नावाने बोंबलतायत. बोंबलू देत.

तपासणीचा निकाल चांगला नाही. दीड वर्ष ती सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेते. ती उलटलेली शक्ती दाबून ठेवायचं काम त्या गोळ्या करतात, पण मग साधं पडसंही तिला झेपत नाही. महिन्याला रक्त तपासायचं, घरी रोज बीपी बघायचं. खाल्लेलं वर येऊन छातीत उतरतं म्हणून पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली मी विटा लावल्यात. पहिलं वर्ष आजार जिथल्या तिथे थांबला होता. मला वाटलं, जिंकलो. यावेळी यंत्राने दहा टक्के खाली दाखवलं.

मॅडम म्हणतात, नुसत्या गोळ्या पुरेनात. आता शिरेतून औषध द्यायचं, दाखल करून, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. मी विचारलं, बरी होईल का? मॅडम खोटं बोलत नाहीत, हा त्यांच्यातला दोष आहे. "काका, जेवढं फुप्फुस गेलं ते परत येत नाही. उरलंय ते राखायचं. आत्ता नाही केलं, तर वर्षभरात घरात ऑक्सिजनचं यंत्र आणावं लागेल. आणि मग तेही पुरणार नाही."

आईने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "बस झाला. मना आता काय टोचाचा नाय." कागदावर अंगठा द्यायलाही तयार नाही. बाहेर आल्यावर मी तिच्यावर तडकलो. गेटवर ओरडायची सवय, आवाज चढला असणार. ती पायरीवर टेकली, दम खाल्ला आणि म्हणाली, "कोनासाठी जगाचा, ता सांग. एकच पोर. तिला पन आय नको झाली."

रिक्षा मिळेपर्यंत आम्ही दोघं उन्हात उभे होतो.

आता तुला एक गोष्ट सांगायला हवी. डिसेंबर २०१८. तुला सातवा लागला होता. आई खोकत होती, जिना चढताना थांबत होती. एका डॉक्टरने छातीचा फोटो काढला, डाग दिसले. थुंकी तपासली तर त्यात काही सापडलं नाही, तरी तो म्हणाला, टीबीच असणार, औषध सुरू करा. मी केलं. नऊ महिने तिने ती औषधं गिळली. उलट्या झाल्या, डोळे पिवळे झाले, खोकला होता तिथेच राहिला. त्या नऊ महिन्यांत मी तिचं ताट-पेला वेगळा केला. तिला पडवीत जेवायला बसवलं. शेजाऱ्यांना सांगितलं की तिला उपास असतात.

तुझ्या लव्ह मॅरेजवरून तुझ्या सासरी, तळा गावात, आधीच धुसफूस होती. मिठागरवाल्यांची पोर, बोली वेगळी, रीत वेगळी. विपुलरावांच्या आईने मोठ्या मुश्किलीने तुला पदरात घेतलं होतं. त्यात टीबीच्या घरची म्हणून कुजबुज झाली असती तर? पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ते मी तोडलं आणि तुला येऊ नको म्हटलं. बाळाला लागण होऊ नये हे कारण खरंच होतं. ते तुला सांगितलं नाही, एवढंच माझं चुकलं.

बाबा


९ फेब्रुवारी २०२५
उरण

चि. हेमाली,

मागच्या पत्रात 'एवढंच माझं चुकलं' असं लिहिलंय. ते खोटं आहे. पोस्टाच्या पेटीत पाकीट टाकलं तेव्हाच ठाऊक होतं.

काल सकाळी आईच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला तर बहात्तर दाखवू लागला. शेजारच्या शिवदासची गाडी काढायला लावली, तिला अर्धवट उचलून आत घातलं. आणि ती मला म्हणते, "मना काय झायला नाय, तूच बस जरा." हॉस्पिटलात नर्सने तिची बोटं हातात धरली, बर्फासारखी. चिमटा काढून कानाच्या पाळीला लावला. एक्याण्णव. म्हणाली, थंड बोटांत रक्तच पोचत नाही काका, यंत्राला काय कळणार. परत येताना जासईच्या पुढे मी गाडी थांबवायला सांगितली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. शिवदासला वाटलं मी लघवीला गेलो.

तेव्हा ठरवलं की आता पुरतं लिहायचं.

मी तुला 'आम्ही म्हणतो येऊ नको' असं म्हटलं नव्हतं. 'आई म्हणते येऊ नको' असं म्हटलं होतं. तुझ्यासमोर वाईट व्हायचा मला धीर नव्हता. माझ्या तोंडून नकार ऐकलास तर भांडशील, कारण विचारशील, हे मला ठाऊक होतं. आईने नको म्हटलं तर पोरगी काय बोलणार? 'तिला झेपत नाही, ती म्हणते तिकडेच उरकून घ्या.' 'उरकून घ्या' हा शब्दसुद्धा माझाच. तू म्हणालीस, आईला द्या फोन. मी म्हटलं, झोपलीय. ती समोर बसली होती, वाल निवडत.

आणि तिला सांगितलं की पोरगी म्हणते, सासरीच बरं, तिकडे चांगला दवाखाना आहे, सासू हौशी आहे. तिचा मोबाईल मी दुरुस्तीला म्हणून घेतला तो चार महिने माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. तिने 'असा बोलली हेमाली?' असं दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

अजून एक आहे. आईने बाळासाठी गोधडी शिवली होती. तिची बोटं मिटत नव्हती, सुई दोन बोटांच्या कडांत अडकवून शिवायची. तीन महिने लागले. मला म्हणाली, बारशाला पोचव. मी ती पोचवली नाही. त्यात टीबीचे जंतू असतील असं माझ्या डोक्यात. खाडीकडच्या खाजणाच्या बांधावर नेऊन मी ती जाळली. आणि घरी येऊन सांगितलं, कुरिअर केलं. ती कितीतरी दिवस तुझ्या एका शब्दाची वाट बघत होती. 'पोचली' एवढा तरी.

नंतर कळलं की टीबी नव्हताच. पण तोवर करोना आला, दोन वर्षं सगळ्यांनाच न भेटायला कारण मिळालं, आणि नंतर अळीमिळी गुपचिळी माझ्या इतकी अंगवळणी पडली की खरं बोलायला तोंड उघडेना. तुम्ही दोघी एकमेकींवर रुसून बसलात आणि मी मध्ये शहाण्यासारखा वावरत राहिलो. 'जाऊ दे गो, पोरं अशीच असतात,' असं मी तिला समजावत होतो. मला माझीच किळस येते, हेमाली. थकलोय मी. औषधांच्या वेळा सांभाळून नाही, हे सांभाळून.

आता ती सुई टोचून घेत नाही, कारण तिला वाटतं की तिच्या पोरीला ती नको आहे. माझ्या खोट्यापायी ती औषध नाकारतेय. तू ये. तिच्याशी बोल.

दिनानाथ


२४ फेब्रुवारी २०२५
उरण

चि. हेमाली,

तुझं पोस्टकार्ड पोचलं. एक ओळ. 'आईला हे माहीत आहे का?' खाली सहीसुद्धा नाही.

घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं, आणि तू बरोबर बोट ठेवलंस. तुला लिहिणं मला सोपं गेलं. तू तळ्याला आहेस, मध्ये शंभर किलोमीटर आहेत. ती माझ्यासमोर बसते.

मी परवा, शनिवारी दुपारी, तिला सांगितलं. मी बिरडं सोलत होतो. हल्ली मीच सोलतो, वालाची सालं तिच्या बोटांना निघत नाहीत. ती समोर खाटेवर टेकून माझ्या चुका काढत होती. "सालं टाक नीट, डाली नको मोडू." मी मान वर न करता सगळं सांगितलं. टीबीचं तिला माहीत होतं. तुला काय सांगितलं ते, तिला काय सांगितलं ते, फोनचं, सगळं.

मला वाटलं ओरडेल, पण ओरडायला दम लागतो. मग तिने एकच विचारलं, "गोधडी?" मी म्हटलं, जाळली. तिने तोंड भिंतीकडे केलं. मी बिरडं सोलत राहिलो, कारण दुसरं काय करू ते सुचेना.

संध्याकाळी तिने माझ्या हातचं बिरडं खाल्लं नाही. शेजारच्या किशोरीकडून पेज मागवून घेतली. काल दिवसभर बोलली नाही, आजही नाही. मात्र गोळ्या स्वतःच घेते. डबीचं झाकण दातांनी उघडते, मला उघडू देत नाही. मी न्हाणीत पाणी काढून ठेवतो, ती येत नाही, म्हणून ते निवतं आणि मी पुन्हा तापवतो. मॅडमच्या तिथून फोन होता. बारा मार्चला खाट मोकळी आहे, एक तारखेपर्यंत कळवा, नाहीतर दुसऱ्या पेशंटला देऊ. मी ते तिच्याकडे पाठ करून मोठ्याने बोललो, म्हणजे तिला ऐकू जावं. ऐकलं असेल.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे. यापुढे तुला काय करायचं ते तू ठरव. मी ये म्हणायच्या लायकीचा राहिलो नाही, म्हणून म्हणत नाही.

बाबा


१ मार्च २०२५
उरण

हेमाली बाय,

मी तुजी आय बोलतंय. मना पेन धरवत नाय म्हनून तुजा बापूस लिवतोय. मी बोलेन तसा लिवाचा, मदी आपला शानपन घालाचा नाय, असा त्याला बजावलाय. लिवताना रडतोय. ता पन लिव म्हटला.

सहा वरसा मी तुज्यावर राग धरला. रोज. भाकरी करपली तरी तुजाच राग यायाचा. आता तो राग कुठं नेऊन ठेवू, सांग. तुज्यावर ठेवता येत नाय. या मानसावर ठेवीन म्हटला तं ह्योच मना न्हाऊ घालतो, ह्योच माजी येनी घालतो, वाकडी. पाच दिस बोलली नाय त्याज्याशी. मंग माजा मनाच कंटाला आयला. राग कराला पन दम लागतो, बाय, नि तो मी आता जपून वापरतंय.

तू पन माज्यावर राग धरला असशील. पोटुशी पोर, नि आय बोलते येऊ नको. धरनारच. त्याचा मना काय वाईट वाटत नाय. पन येवडा ऐक, मी तसा बोलली नव्हती. मी डिंक आनून ठेवला होता, अलीव आनला होता. बापसाला ठाव नाय. पालन्याची दोरी पन नवीन आनली होती. मी वाट बगत होती.

डाक्टरीनबायला बापूस आताच फोन करून आयला. बारा तारखेला मी जातंय, टोचून घेतंय. बरी व्हनार नाय ता मना म्हाईत हाय. हाय तेवडा दम राहिला तं पुरे. तू येशील म्हनून जातंय असा समजू नको. तू नको बोलली नव्हतीस, येवडा कललाय, तेवड्यावर जातंय.

पन टोचल्यावर पोराटोरांपासून लांब रावाचा असा बोलतान. सर्दी लागली तं माजा काय खरा नाय. म्हनून याचा असला तं बाराच्या आदी ये. स्वराजचा नाक गलत असला तं त्याला तिकडच्या आजीकडं ठेवून ये, मना राग नाय येनार. तिला पन माजा नमस्कार सांग. तिनं केला तुजा सगला, मी नाय केला.

माजी एकच पोर, नि तिचा बालंतपन माज्या हातानी झायला नाय. आता करीन म्हटला तरी हात ऱ्हायले नाय. मनाच आता अंगावर ऊन पानी लागता, मऊ भात लागतो, पाठीला तेल लावाला कोनी लागता. तुजा बापूस करतो, पन ता पुरुषाचा काम नाय, तो डोल्यात साबन घालतो.

तू ये, नि माजा बालंतपन तू कर.

तुजी आय
सत्यवती